सिगारेटच्या पाकिटातले खेळाडू

१८६९ साली न्यूयॉर्कमधल्या ‘पेक अँड स्नायडर’ या क्रीडासाहित्याच्या दुकानाने सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज या व्यावसायिक बेसबॉल संघाचा फोटो पुठ्ठ्यावर चिकटवला आणि मागे स्वतःची जाहिरात छापली. बेसबॉल कार्डांचा मागोवा साधारण इथपासून घेता येतो. त्यांना बहर आला मात्र तंबाखूमुळे.

१८८०च्या दशकात यंत्रावर सिगारेटी वळल्या जाऊ लागल्या, भाव उतरले आणि कंपन्यांची चढाओढ सुरू झाली. मऊ पाकिटातल्या सिगारेटी मोडू नयेत म्हणून आत पुठ्ठा असे. त्यावर खेळाडू आला, की गिऱ्हाईक तेच पाकीट पुन्हा मागे. गुडविन कंपनीने १८८६ ते १८९० या काळात ‘ओल्ड जज’ सिगारेटींसोबत पाचशेच्या आसपास खेळाडूंचे फोटो घरोघर पोहोचवले.

हे कार्ड जेमतेम दीड इंच रुंद, अडीच इंच उंच. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावरची तपकिरी छबी त्यावर डकवलेली. तेव्हाच्या कॅमेऱ्याला मैदानावरची पळापळ टिपणे अवघड, म्हणून खेळाडूंना स्टुडिओत उभे करत. मागे रंगवलेला पडदा, वर दोरीने टांगलेला चेंडू आणि तो झेलायला उंचावलेले उघडे हात. कित्येक कार्डांत दोरी स्पष्ट दिसते. तरीही खेळाडूची नजर चेंडूवर अशी खिळलेली असते, की खेळ खरा वाटतो. या फोटोंची कला मला दिसते ती इथे.

१८९०मध्ये बड्या कंपन्या ‘अमेरिकन टोबॅको’त विलीन झाल्या. स्पर्धा संपली, तशी कार्डेही जवळजवळ बंद पडली. १९०९ ते १९११ दरम्यान ती रंगीत लिथोग्राफ होऊन परतली. त्यांतल्या बऱ्याच चेहऱ्यांमागे बोस्टनचे छायाचित्रकार कार्ल हॉर्नर यांचे फोटो आहेत. आज लिलावात लाखो डॉलरना जाणारे बेसबॉलपटू होनस वॅग्नर यांचे कार्डही हॉर्नर यांच्याच फोटोवरून केलेले. वॅग्नर यांच्या हरकतीमुळे ते लवकर थांबले, म्हणून दुर्मीळ. बोलबाला किमतीचा होतो, हॉर्नर यांचे नाव मात्र क्वचितच निघते.

सिरॅक्यूजचे जेफरसन बर्डिक यांनी संधिवाताने हात आखडलेले असतानाही असली कार्डे जमवली, त्यांची सूची केली आणि तीन लाखांहून अधिक छापील वस्तूंचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला. १९६३मध्ये ते वारले, त्या वर्षापर्यंत ते स्वतः अल्बममध्ये कार्डे चिकटवत होते. सिगारेट खपवण्यासाठी काढलेल्या या फोटोंना त्यांनी कलासंग्रहालयात जागा मिळवून दिली. फोटोग्राफीच्या इतिहासातही या फोटोंना तितकीच मानाची जागा मिळायला हवी.