उतारावरील घोड्यांच्या मालगाड्यांचा साखळी-ब्रेक : धरण्याची आणि सोडण्याची समस्या

सारांश :
अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत युरोप व उत्तर अमेरिकेतील डोंगराळ मार्गांवर घोड्यांच्या चारचाकी मालगाड्या उतरविताना मागील चाक साखळीने बांधून बंद करण्याची पद्धत सर्वत्र प्रचलित होती. ही पद्धत स्वस्त व परिणामकारक होती. परंतु ताणलेली साखळी उताराच्या शेवटी सोडविणे कष्टाचे व धोक्याचे होते. भारित अवस्थेतही क्षणात सुटणारा बिजागरीचा आकडा हे या अडचणीचे उत्तर होय. प्रस्तुत लेखात या साधनाची गरज, त्यामागील यंत्रशास्त्र आणि त्याच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे.

बीज संज्ञा : मालगाडी, उतार, घर्षण, साखळी-ब्रेक, तरफ, शीघ्रमोचन आकडा.

१. प्रस्तावना

वाहतुकीच्या इतिहासात वाहन पुढे कसे ओढले गेले याची चर्चा विपुल आढळते. ते आवरले कसे गेले याची चर्चा त्यामानाने अल्प आहे. वस्तुतः घाटरस्त्यावर चढापेक्षा उतारच अधिक घातक असतो. चढावर घोडे थकले तर गाडी थांबते आणि चाकामागे दगड लावून त्यांना विसावा देता येतो. उतारावर गाडी हाताबाहेर गेली तर तिचा सर्व भार पुढील जनावरांच्या अंगावर येतो, आणि मग गाडी, माल, घोडे व हाकणारा या सर्वांचाच विनाश संभवतो. म्हणूनच गाडी रोखण्याचे साधन हे गाडीवानाच्या जीवनमरणाशी निगडित होते.

ब्रेक म्हटले की तो किती घट्ट धरतो, एवढाच विचार सामान्यतः केला जातो. परंतु साखळी-ब्रेकचा अभ्यास केला असता असे दिसून येते की, येथे धरणे सोपे होते आणि सोडणे अवघड होते. हाच प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रतिपाद्य मुद्दा आहे. चाकाच्या भागांसाठी धाव, आरे, तुंबा व आस हे बैलगाडीच्या संदर्भात मराठीत रूढ असलेलेच शब्द येथे योजिले आहेत.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

पेनसिल्व्हेनियातील कोनेस्टोगा नदीच्या खोऱ्यात अठराव्या शतकात विकसित झालेली कोनेस्टोगा गाडी हे या वाहनप्रकाराचे प्रसिद्ध उदाहरण होय. सामान्यतः सहा घोड्यांनी ओढली जाणारी ही गाडी ॲलेघेनी पर्वताच्या रांगा ओलांडून कित्येक टन माल वाहून नेत असे. तिचा हाकणारा गाडीत बसत नसे. तो डाव्या बाजूने पायी चाले, डावीकडील मागच्या घोड्यावर बसे, किंवा गाडीच्या डाव्या अंगाला बाहेर काढलेल्या फळीवर बसून ब्रेकचा दांडा हाताळत असे. कंबरलंड येथून १८११ मध्ये ज्याच्या बांधणीस प्रारंभ झाला, त्या नॅशनल रोडवरही अशाच जड गाड्यांची वर्दळ होती.

पश्चिमेकडे गेलेल्या स्थलांतरितांना याहून बिकट उतारांना तोंड द्यावे लागले. नेब्रास्कातील ॲश हॉलो या ठिकाणी जाण्यासाठी उतरावी लागणारी विंडलास हिल नावाची टेकडी आणि ओरेगॉनमध्ये माउंट हूडच्या दक्षिणेकडून जाणाऱ्या, १८४६ मध्ये खुल्या झालेल्या बार्लो मार्गावरील लॉरेल हिल ही दोन स्थळे या संदर्भात विशेष उल्लेखनीय आहेत. तेथे चाके बंद करून, मागे दोर धरून, आणि लॉरेल हिलवर तर गाडीमागे तोडलेली झाडे बांधून गाड्या खाली सोडल्या जात. या प्रवासातील गाड्यांना बहुतांशी बैल जुंपलेले असत. तथापि चाक बंद करण्याची रीत घोडे, खेचरे व बैल या तिन्हींच्या गाड्यांना समान होती. त्या काळच्या सैनिकी मालगाड्या व तोफगाड्या यांनाही चाक बांधण्याची साखळी जोडलेली असे.

३. घोडे स्वतः गाडी का रोखू शकत नाहीत?

घोड्याच्या साजात मांड्यांच्या मागून जाणारा एक रुंद चामडी पट्टा असतो; त्यास ब्रीचिंग म्हणतात. उतारावर घोडा या पट्ट्यावर मागे रेलतो आणि दांडीच्या द्वारे गाडीला मागे रेटतो. परंतु चार वा सहा घोड्यांच्या जोडणीत हे काम प्रामुख्याने गाडीलगतच्या जोडीलाच करता येते. पुढील घोडे केवळ साखळ्यांनी जोडलेले असतात. साखळीने ओढता येते, रेटता येत नाही. याचा अर्थ असा की, चढावर सहा घोड्यांचे बळ उपलब्ध असले तरी उतारावर ते दोनच घोड्यांचे उरते.

एक उदाहरण घेऊ. गाडी व माल मिळून २००० किलोग्रॅम वजन आहे आणि रस्ता दहास एक या प्रमाणात उतरतो, असे मानू. गाडीला खाली खेचणारे बल सुमारे २०० किलोग्रॅम-भार होईल. कठीण रस्त्यावर चाकांच्या फिरण्यास होणारा विरोध ५० किलोग्रॅम-भार धरला, तरी १५० किलोग्रॅम-भार एवढे बल सातत्याने रोखून धरावे लागेल. उतार पाचास एक झाल्यास हेच बल सुमारे ३४० किलोग्रॅम-भार होते. निसरड्या वाटेवर दोन घोड्यांनी एवढा भार मैलभर पेलावा, ही अपेक्षा व्यवहार्य नाही.

४. बंद चाकाचे कार्य

फिरणारे चाक जमिनीवर घसरत नाही, म्हणूनच गाडी सहज चालते. तेच चाक बांधून टाकले की लोखंडी धाव रस्त्यावर घासू लागते. मागील एका चाकावर ६०० किलोग्रॅमचा भार आणि घर्षणगुणांक ०.४ मानल्यास एका बंद चाकाचा विरोध २४० किलोग्रॅम-भार येतो. दहास एक या उतारावर तो गरजेपेक्षा अधिक असल्याने घोड्यांना गाडी किंचित ओढावी लागते. अनुभवी गाडीवानाला हीच स्थिती हवी असते, कारण साज ताणलेला असताना घोडे ताब्यात राहतात. पाचास एक या उतारावर मात्र एक चाक अपुरे पडते. उरलेले सुमारे १०० किलोग्रॅम-भार घोड्यांनी रोखावे लागतात किंवा दुसरेही चाक बांधावे लागते.

या पद्धतीचे तीन प्रकार होते. पहिल्या प्रकारात साखळीचे एक टोक गाडीच्या सांगाड्याला कायम जोडून दुसरे टोक चाकाच्या परिघाभोवती वळवून आकड्यात अडकवीत. यात धावेचा एकच भाग सतत घासला जाऊन तेथे सपाटी येई व चाक निकामी होई. दुसऱ्या प्रकारात चाकाखाली लोखंडी जोडा सरकवीत. त्यास इंग्रजीत ड्रॅग शू किंवा स्किड पॅन म्हणत. त्यामुळे धाव वाचे आणि रस्त्याची खराबीही कमी होई. तिसऱ्या प्रकारात साखळीचे वेढे परिघाभोवती अशा रीतीने देत की, कड्या धाव व जमीन यांच्या मध्ये येत. बर्फावर घर्षणगुणांक ०.१ पर्यंत वा त्याहूनही खाली येतो. अशा वेळी धाव नुसती घसरते, तर कड्या बर्फात रुततात. या तिसऱ्या प्रकाराला अमेरिकेत रफ लॉक असे नाव होते.

साखळी चाकाला कोठे बांधावी, हाही महत्त्वाचा प्रश्न होता. जमिनीवरील घर्षण चाकाला आसाभोवती फिरवू पाहते आणि साखळी त्यास विरोध करते. साखळी परिघापाशी स्पर्शिकेच्या दिशेने ओढत असेल तर तिच्यातील ताण घर्षणाएवढाच, म्हणजे वरील उदाहरणात २४० किलोग्रॅम-भार राहतो. परंतु ती परिघ व तुंबा यांच्या मध्यावर आऱ्याला बांधली तर हा ताण दुप्पट, म्हणजे ४८० किलोग्रॅम-भार होतो आणि आरा मोडण्याचा संभव निर्माण होतो.

५. सोडण्याची समस्या

उतार संपला तरी साखळी आपोआप सैल होत नाही. गाडी सपाटीवर थांबली तरी चाक पुढे फिरू पाहण्याच्या अवस्थेतच अडकून राहते आणि साखळीत ताण शिल्लक राहतो. ताणलेल्या साखळीच्या कडीतून साधा आकडा हाताने निघत नाही. यासाठी गाडी काही बोटे मागे घ्यावी लागे. चाकाखाली लोखंडी जोडा असल्यास गाडी मागे घेऊन चाक त्यावरून उतरवावे लागे. दोन टनांची गाडी घोड्यांकडून मागे ढकलवून घेणे हे चिखलात वा दगडगोट्यांत दुष्कर होते.

याहून गंभीर बाब म्हणजे, त्यासाठी थांबणे प्रत्येक ठिकाणी शक्य नसे. अनेक उतारांच्या पायथ्याशी ओढा असतो व पलीकडे लगेच चढ लागतो. तेथे गाडीचा उरलेला वेग हाच चढाचा आधार असतो. थांबल्यास चाके चिखलात रुततात. न थांबल्यास बंद चाकासह चढ चढावा लागतो. वळणावर आणखी एक संकट उद्भवते. घसरणारे चाक पुढे जाण्यास विरोध करते, पण आडव्या दिशेला घट्ट धरत नाही. परिणामी गाडीचा मागील भाग दरीच्या बाजूला सरकू लागतो. मोटारीची मागील चाके बंद पडल्यास ती आडवी फिरते, त्याचे कारणही हेच आहे.

अशा प्रसंगी कोणीतरी गाडीखाली हात घालून, हातोडीने आकडा ठोकून साखळी सोडवावी लागे. आकडा निसटताच साखळीचे टोक झटक्याने उडे आणि चाक फिरू लागे. त्या वेळी मनुष्याचा हात वा पाय चाकाच्या रेषेत असल्यास होणारी इजा किती भयंकर असेल, हे सांगावयास नको.

६. शीघ्रमोचन आकड्याची रचना

या समस्येचे उत्तर तरफेच्या तत्त्वात सापडते. साध्या आकड्याऐवजी साखळीच्या टोकाला बिजागरीवर फिरणारा आकडा बसवितात. साखळीची कडी या आकड्यात बिजागरीच्या अगदी जवळ टेकते. आकड्याचा लांब दांडा मागे वळवून त्यावर एक सरकती कडी चढविली की आकडा मिटून राहतो. सरकती कडी बाजूला केली की साखळीचाच ताण आकड्याला उघडतो. म्हणजे जो ताण साध्या आकड्याला अडकवून ठेवतो, तोच येथे सुटकेस साहाय्यभूत होतो.

साखळीचा भार बिजागरीपासून २ सेंटिमीटरवर आणि सरकती कडी २० सेंटिमीटरवर आहे, असे मानू. साखळीतील ताण २४० किलोग्रॅम-भार असला तरी सरकत्या कडीवर त्याचा दशांश, म्हणजे २४ किलोग्रॅम-भार एवढाच दाब येतो. लोखंडावर लोखंडाचा घर्षणगुणांक ०.३ धरल्यास ती कडी सरकविण्यास सुमारे ७ किलोग्रॅम-भार पुरेसे होतात. एवढे बल दोरीच्या हिसक्याने देता येते. त्यामुळे मनुष्याला गाडीखाली जावे लागत नाही. तो चाकाच्या रेषेबाहेर उभा राहून, गाडी चालत असतानाही, साखळी सोडू शकतो.

ही रचना केवळ गाड्यांपुरती मर्यादित नाही. जहाजावर नांगराची साखळी वा जीवरक्षक होडीचे बंध सोडण्यासाठी याच तत्त्वाचा आकडा वापरतात. पेलिकन पक्ष्याच्या चोचीवरून त्याला पेलिकन हुक असे नाव पडले आहे. हवाई छत्रीधारकांसाठी १९७० च्या दशकात बिल बूथ यांनी तयार केलेल्या तीन कड्यांच्या मोचन-यंत्रणेत हीच तरफ एकापुढे एक अशी साखळीरूपाने योजलेली आहे. तेथे मनुष्याचा संपूर्ण भार पेलणारा बंध हाताच्या अल्प ओढीने सुटतो.

७. रचनेच्या अटी व मर्यादा

अशा आकड्याकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात. खडबडीत वाटेवरील हादऱ्यांनी तो आपोआप उघडता कामा नये; आणि हवा तेव्हा तो एका ओढीत उघडला पाहिजे. पहिल्या अपेक्षेसाठी सरकत्या कडीमागे खुंटी घालतात. परंतु खुंटी गंजली वा चिखलाने भरली की दुसरी अपेक्षा भंग पावते. त्यामुळे प्रत्येक उताराआधी तपासणी अपरिहार्य ठरते. सुटलेले टोक आऱ्यांत अडकून चाक पुन्हा बंद पडू नये म्हणून साखळीची मोकळी बाजू आखूड व चाकाबाहेर पडणारी असावी लागते.

शीघ्रमोचनामुळे एक नवा धोकाही निर्माण होतो. उतार संपण्यापूर्वी साखळी सुटल्यास सर्व विरोध एका क्षणात नाहीसा होतो. साखळी-ब्रेकला मधली अवस्था नाही; चाक एकतर बंद असते किंवा मोकळे. दांड्याने लाकडी ठोकळा धावेवर दाबणारा ब्रेक ही उणीव दूर करतो, कारण त्यात दाब कमी-अधिक करता येतो. म्हणून नित्याच्या उतारांसाठी असा ब्रेक सोयीचा ठरला, आणि साखळी तीव्र उतार, बर्फ व आणीबाणी यांसाठी राखून ठेवली गेली. पेनसिल्व्हेनियातील आमिश समाज आजही घोड्याची बग्गी वापरतो. तेथील अनेक बग्ग्यांना आता हायड्रॉलिक ब्रेक असतात.

८. समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. एक, उतारावर जनावरांचे उपलब्ध बळ चढाच्या तुलनेत कमी असल्याने जड गाडीला स्वतंत्र ब्रेकची आवश्यकता होती. दोन, चाक बांधणे पुरेसे परिणामकारक होते. पण ताणलेला बंध सोडविणे हा त्यातील सर्वांत धोक्याचा टप्पा होता. तीन, बिजागरीच्या आकड्याने हा धोका साध्या तरफेच्या आधारे कमी केला आणि मनुष्याला चाकापासून दूर नेले.

अध्यापनाच्या दृष्टीनेही हा विषय उपयुक्त आहे. घर्षण, बलाचे घटक व तरफ हे पदवीपूर्व वर्गांतील पाठ बहुधा फळ्यावरील आकृत्यांत अडकून पडतात. तेच पाठ उतारावर उभ्या असलेल्या भरल्या गाडीच्या संदर्भात मांडले, तर प्रत्येक राशीला कोणाच्या तरी सुरक्षिततेचा अर्थ प्राप्त होतो. इतिहास, भूगोल व भौतिकशास्त्र या तिन्ही विषयांच्या अध्यापकांना येथे एकत्र काम करण्यास वाव आहे. कोणत्याही सुरक्षा-साधनाचे मूल्यमापन करताना ते किती घट्ट धरते, या प्रश्नाबरोबरच ते सोडताना मनुष्य कोठे उभा असतो, हा प्रश्नही विचारला गेला पाहिजे.