प्राथमिक शाळेंत आरोग्याचे धडे

"जेवणापूर्वीं काय करावें ?" असा प्रश्न दुसऱ्या इयत्तेंत विचारला, तर "हात धुवावे" असें उत्तर सारा वर्ग एका सुरांत देतो. उत्तर बरोबर असतें. विचारणाराचें समाधान होतें. आणि मधल्या सुट्टीची घंटा होतांच तोच वर्ग मातींत खेळलेल्या हातांनीं ताटावर बसतो. ज्ञान आणि आचरण यांमधील हें अंतर मुलांच्या हट्टामुळें पडतें असें नाहीं. पुष्कळ शाळांत नळ नसतो. नळ असला तर पाणी नसतें. पाणी असलें तर साबण नसतो. आणि हीं तिन्ही असलीं तरी शंभर-दीडशें मुलांचे हात धुवून होतील एवढी सवड वेळापत्रकांत नसते. अशा स्थितींत मूल एकाच वेळीं दोन धडे शिकतें. पहिला, हात धुवावे हा. आणि दुसरा, हें केवळ विचारलें असतां सांगावयाचें असतें हा. दुर्दैव असें कीं, पुढें आयुष्यभर टिकतो तो दुसरा धडा.

प्राथमिक शाळेंतील आरोग्यशिक्षणाचा खरा प्रश्न हाच आहे. नियम ठाऊक नाहींत म्हणून अडतें असें क्वचित् घडतें. नियम पाळण्याचें साधन, वेळ आणि सोबत हीं मिळत नाहींत म्हणून बहुधा अडतें. सहा ते दहा वर्षांच्या मुलास भविष्यकाळाची भीति घालून उपयोग नसतो. "चाळिसाव्या वर्षीं मधुमेह होईल" या वाक्यास त्याच्या लेखीं कांहींच अर्थ नाहीं. त्यास पुढची दिवाळीहि फार दूर वाटते. उलट पाहून करणें, सर्वांबरोबर करणें आणि रोज ठराविक वेळीं करणें या तीन गोष्टींची त्यास स्वभावतःच गोडी असते. यास्तव जो आरोग्याचा पाठ या तिहींवर उभारला जातो, तो अंगवळणीं पडतो. आणि जो केवळ भिंतीवरील सुविचारावर विसंबतो, तो भिंतीवरच राहतो.

हात धुण्याचेंच उदाहरण घेतां येईल. साबणाच्या सूक्ष्म कणाचें एक टोंक पाण्याकडे ओढ घेतें व दुसरें तेलाकडे. हातावरील मळ व रोगजंतु त्वचेच्या तेलकट थरांत अडकून बसलेले असतात. नुसतें पाणी त्यांच्यावरून वाहून जातें. साबण तो थर सोडवितो, आणि हात चोळले म्हणजे मळ पाण्याबरोबर निघून जातो. कित्येक विषाणूंचें बाहेरचें आवरणच स्निग्ध असतें; तें साबणानें फुटतें. मात्र या क्रियेस वेळ लागतो. सुमारें २० सेकंद तरी हात चोळले पाहिजेत. हें वर्गांत दाखविणें अवघड नाहीं. दोन मुलांच्या तळहातांस थोडें तेल व हळद लावावी. एकानें नुसत्या पाण्यानें हात धुवावे, दुसऱ्यानें साबणानें. साबण लागतांच हळद तांबूस होते हें पाहून मुलांस मौज वाटेल. आणि पाण्यानें धुतलेल्या हाताचा तेलकटपणा मुळींच जात नाहीं, हेंहि तीं स्वतःच्या बोटांनीं पाहतील. नखांच्या कडेला व बोटांच्या बेचक्यांत राहिलेला पिवळा रंग कोठें अधिक चोळावें हें आपोआप सांगतो.

एवढ्याशा सवयीनें काय साधतें, याचा पुरावा आहे. कराची येथील गरीब वस्त्यांत कांहीं कुटुंबांस साबण पुरविण्यांत आला व दर आठवड्यास घरीं जाऊन हात धुण्याविषयीं सांगण्यांत आलें. इ. स. २००५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें, तेथील पंधरा वर्षांखालील मुलांत अतिसाराचें प्रमाण इतर वस्त्यांच्या मानानें ५३ टक्क्यांनीं, व पांच वर्षांखालील मुलांत न्युमोनियाचें प्रमाण ५० टक्क्यांनीं कमी आढळलें. विशेष हें कीं, साध्या साबणानें जंतुनाशक साबणाइतकाच गुण आला. म्हणजे महागडी वस्तु लागली नाहीं. लागला तो हाताशीं असलेला साबण आणि वारंवार येणारें माणूस.

फिलिपाइन्समधील शाळांनीं हेंच तत्त्व वेळापत्रकांत आणलें. तेथें या शतकाच्या पहिल्या दशकांत सुरू झालेल्या एका योजनेंत मुलें रोज शाळेंतच एकत्र साबणानें हात धुतात, फ्लोराइडयुक्त पेस्टनें दांत घासतात, आणि वर्षांतून दोनदां त्यांस जंतांचें औषध मिळतें. भोंकें पाडलेली एक लांब नळी व तिच्याखालीं पन्हळ, एवढ्या सामग्रीवर दहा-बारा मुलें एकाच वेळीं हात धुवूं शकतात. जेथें नळच नाहीं, तेथें पांच लिटरचा डबा आडव्या काठीला टांगून, त्यास खिळ्यानें बारीक भोंक पाडून, पायानें दाबतां येईल अशी दोरी बांधली तरी काम भागतें. हाताचा स्पर्श लागत नाहीं, पाणी थोडें लागतें, आणि असें यंत्र मोठ्या मुलांनीं स्वतः उभारलें म्हणजे तीं त्याची राखणहि करतात.

जंतांच्या बाबतींत भारतांत इ. स. २०१५ पासून जंतनाशक दिन पाळला जातो व शाळांतून अल्बेंडाझोलची गोळी देण्यांत येते. तथापि गोळी पोटांतील जंत मारते; अंगणांतील मातींत पडलेलीं त्यांचीं अंडीं ती मारूं शकत नाहीं. म्हणून ज्या दिवशीं गोळी द्यावयाची, त्याच दिवशीं पायांत चप्पल, संडासाचा उपयोग आणि धुतलेले हात यांचा संबंध मुलांस समजावून दिला, तर गोळीचा गुण टिकतो.

आहाराचा पाठ शिकवावयास शाळेच्या ताटाहून उत्तम पुस्तक नाहीं. माध्यान्ह भोजनाची केंद्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ पासून सुरू झाली, इ. स. २०२१ मध्यें तिला पीएम पोषण असें नांव मिळालें. पहिली ते पांचवीच्या मुलास या जेवणांतून ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिनें मिळावीं, आणि त्यासाठीं १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल असावें, असें प्रमाण ठरलेलें आहे. चौथीच्या वर्गास हें गणित म्हणून घालावें : १२० मुलांच्या खिचडींत डाळ किती पडावी ? उत्तर २ किलो ४०० ग्रॅम येतें. जें मूल हें गणित सोडवितें, तें ताटाकडे निराळ्या दृष्टीनें पाहूं लागतें. किंबहुना कोणे दिवशीं खिचडी पातळ झाली हेंहि त्यास कळूं लागतें. डाळीवर लिंबू पिळल्यास तींतील लोह शरीरास अधिक लागतें, आणि जेवणाबरोबर घेतलेला चहा त्याच लोहाची वाट अडवितो, या गोष्टी ताटासमोर बसूनच सांगाव्या.

शाळेच्या फाटकाबाहेर मात्र निराळा गुरु बसलेला असतो. बाटलींतील गोड पेयांत १०० मिलिलिटरांस १० ग्रॅमच्या आसपास साखर असते. म्हणजे ३०० मिलिलिटरांच्या बाटलींत चहाचे सुमारें सात चमचे. हे चमचे मुलांच्या हातून मोजवून कांचेच्या बरणींत घालावे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानें इ. स. २०२५ मध्यें आपल्या शाळांस साखरेच्या प्रमाणाचे फलक लावण्यास सांगितलें, ही चांगली गोष्ट झाली. परंतु फलकाशेजारीं दुसरें कांहीं खावयास नसेल, तर फलक वाचून मूल पुन्हा दुकानाकडेच वळेल. फुटाणे, शेंगदाणे, पेरू, बोरें, उकडलेलीं रताळीं हीं सुट्टींत सहज मिळतील अशी तजवीज गांवांतील पालकांस करतां येण्यासारखी आहे.

खेळाच्या तासाचें महत्त्वहि असेंच वेळापत्रकावर अवलंबून आहे. पांच ते सतरा वर्षांच्या मुलांनीं रोज सरासरी ६० मिनिटें अंग घामेजेल असा व्यायाम करावा, असें जागतिक आरोग्य संघटनेचें इ. स. २०२० चें सांगणें आहे. चीनमधील ग्वांगझो शहरीं पहिलीच्या मुलांस शाळेंतच रोज ४० मिनिटें अधिक उघड्यावर नेण्यांत आलें. तीन वर्षांनंतर त्यांच्यांत ३०.४ टक्के मुलांस नव्यानें लघुदृष्टि जडलेली आढळली. ज्या शाळांत हा तास नव्हता तेथें हें प्रमाण ३९.५ टक्के होतें. आपल्याकडे पाठ्यक्रम मागें पडला कीं सर्वांत प्रथम खेळाचा तास गणितास दिला जातो. तो तास घेणाऱ्या शिक्षकांनीं मुलांच्या डोळ्यांचाहि हिशेब ध्यानीं घ्यावा.

आतां या शिक्षणांतील सर्वांत नाजूक भाग राहिला. सकाळच्या प्रार्थनेनंतर नखें व केंस तपासण्याची चाल पुष्कळ शाळांत आहे. हेतु चांगला असतो. परंतु ज्याचीं नखें वाढलेलीं असतात, त्यास सर्वांसमोर उभें केलें जातें. त्याच्या घरीं टँकरच्या दोन हंड्यांवर दिवस काढावा लागतो काय, अथवा त्याची आई ऊसतोडणीला गेलेली आहे काय, हें कोणी विचारीत नाहीं. असें मूल स्वच्छता शिकत नाहीं. तपासणीच्या दिवशीं घरीं राहावें, एवढेंच शिकतें. त्यापेक्षां शनिवारीं सर्वांनीं एकत्र, शिक्षकांनींहि, नखें कापावीं. नखें कापण्याचें साधन शाळेचें असावें व तें प्रत्येक वेळीं साबणानें धुवावें. तीच गोष्ट शरीराच्या बांध्याची. "जाड्या" किंवा "काडी" या हांकांनीं कोणाचेंहि आरोग्य सुधारलेलें नाहीं. कित्येकांचें जेवण मात्र बिघडलें आहे.

मुलींच्या बाबतींत ही गोष्ट अधिकच मनाला लावून घेण्यासारखी आहे. "पाणी भरपूर प्यावें" असें तक्त्यावर लिहिलेलें असतें; पण संडास घाण असेल, किंवा त्याच्या दारास कडी नसेल, तर कित्येक मुली दिवसभर पाण्याचा घोटहि घेत नाहींत. त्यांतून डोकेदुखी, मलावरोध व मूत्रमार्गाचे विकार उद्भवतात. येथें दोष मुलीचा नसून कडीचा आहे. मुलामुलींसाठीं स्वतंत्र स्वच्छतागृहें, पिण्याचें शुद्ध पाणी व क्रीडांगण हीं प्रत्येक शाळेंत असावीं, असें इ. स. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टांत स्पष्ट म्हटलें आहे. आणि शाळा व्यवस्थापन समितींत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात. यास्तव कडी मागणें हें उपकार मागणें नव्हे.

मुलास दोष न देतां शिक्षणच त्याच्यापर्यंत नेण्याचा मार्ग महाराष्ट्रास नवा नाहीं. ताराबाई मोडक यांनीं इ. स. १९४५ मध्यें, आज पालघर जिल्ह्यांत असलेल्या बोर्डी येथें ग्राम बालशिक्षा केंद्र काढलें, व अनुताई वाघ यांच्या साहाय्यानें तें कार्य पुढें कोसबाडच्या टेकडीवर नेलें. आदिवासी मुलें शाळेंत येत नाहींत असें दिसतांच त्यांनीं शाळा मुलांच्या अंगणांत नेली. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं ती कुरणावर भरविली. मूल येत नाहीं याचें कारण त्यांनीं मुलाच्या परिस्थितींत शोधलें. आरोग्याच्या शिक्षकांनीं हाच प्रश्न विचारावा : हें मूल नियम कां पाळीत नाहीं, असें नव्हे, तर नियम पाळावयास त्याच्यापाशीं काय नाहीं ?

घरच्या बाबतींत एक पथ्य पाळावें. शाळेंत शिकलेला नियम घेऊन मुलानें आजीच्या किंवा वडिलांच्या चुका काढाव्या, अशी त्याची योजना करूं नये. त्यानें घरांत कुरकूर माजते, आणि मूल दोन आज्ञांच्या मध्यें सांपडतें. मुलानें स्वतः साबण मागावा एवढें पुरे. आणि शिक्षक तंबाखू मळीत व्यसनमुक्तीचा पाठ देत असतील, तर मुलें त्यांतला पाठ विसरतील, परंतु मळणें विसरणार नाहींत.

अशा शिक्षणाची परीक्षा प्रश्नपत्रिकेनें होत नाहीं. मे महिन्याच्या सुट्टींत, शाळा बंद असतां, मामाच्या गांवीं आंबे खावयास बसलेलें मूल कोणी न सांगतां हात धुवावयास उठलें, म्हणजे धडा उतरला असें समजावें. न उठल्यास मुलास बोल लावण्यापूर्वीं, वर्षभर शाळेच्या नळाला पाणी किती दिवस होतें, याची चौकशी करावी.