रेंज रोव्हर

रेंज रोव्हर : चारही चाकांना सतत शक्ती पुरविणारी, पूर्ण आकाराची व ऐषारामी सोयींनी युक्त अशी ब्रिटिश मोटारगाडी. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमजवळच्या सॉलिहल येथे १९७० मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले व २०२१ पर्यंत तिच्या पाच पिढ्या झाल्या. एसयूव्ही या आद्याक्षरी नावाने ओळखल्या जाणाऱ्या गाड्यांच्या महागड्या शाखेचा उगम सामान्यतः या गाडीपासून मानतात. हे मत सर्वस्वी खरे नाही. अमेरिकेत जीप वॅगोनियर ही गाडी १९६२ च्या अखेरीसच बाजारात आली होती आणि १९६६ मध्ये निघालेल्या तिच्या सुपर वॅगोनियर या आवृत्तीत स्वयंचलित गिअर व वातानुकूलन या सोयी होत्या. रेंज रोव्हरचे वेगळेपण निराळ्या बाबतीत आहे. नांगरलेल्या शेतातून जाण्याची क्षमता आणि हमरस्त्यावरील वेगवान व सुखद चाल या दोन परस्परविरोधी गोष्टी तिने एकाच यंत्ररचनेतून साधल्या. ऐषाराम हा तिच्या मूळ कल्पनेचा भाग नव्हता. तो मागाहून आला, आणि त्याची किंमत वजनाच्या रूपाने मोजावी लागली.

पूर्वपीठिका : दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती, विमानांसाठी बनविलेल्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचा पत्रा मात्र मुबलक होता. रोव्हर कंपनीतील मॉरिस विल्क्स व स्पेन्सर विल्क्स या बंधूंनी या परिस्थितीचा उपयोग करून शेतकऱ्यांसाठी लँड रोव्हर ही गाडी तयार केली व १९४८ मध्ये ॲम्स्टरडॅम येथील प्रदर्शनात ती मांडली. शिडीसारखी पोलादी चौकट, पाट्यांच्या स्प्रिंगा आणि साधे सपाट पत्रे असलेली ही गाडी अतिशय टणक होती. पण लांबच्या प्रवासात ती अंग खिळखिळे करी. दुसरीकडे, रोव्हरच्या प्रवासी मोटारी शांत व मऊ चालीबद्दल प्रसिद्ध होत्या. या दोहोंचा मेळ घालण्याचा विचार कंपनीत अनेक वर्षे चालू होता. १९६५ नंतर चार्ल्स स्पेन्सर किंग व गॉर्डन बॅशफर्ड या अभियंत्यांनी तो तडीस नेला. पुढील व मागील आसांमधील अंतर १०० इंच (२५४ सेंमी.) ठरविण्यात आले व त्यावरून या प्रकल्पास ‘शंभर इंची स्टेशन वॅगन’ असे नाव पडले.

योग्य एंजिनाचा प्रश्न अनपेक्षितपणे सुटला. अमेरिकेतील ब्यूक कंपनीने १९६१ ते १९६३ या काळात सु. ३,५०० घ. सेंमी. धारणेचे, आठ सिलिंडरांचे व व्ही आकाराचे ॲल्युमिनियमचे एंजिन बनविले होते. पातळ भिंतींचे बिडाचे ओतकाम शक्य झाल्यावर स्वस्त बिडापुढे ॲल्युमिनियम मागे पडले व ब्यूकने हे एंजिन सोडून दिले. रोव्हरचे व्यवस्थापकीय संचालक विल्यम मार्टिन-हर्स्ट यांच्या ते अमेरिकेत पाहण्यात आले आणि १९६५ मध्ये कंपनीने त्याचे हक्क मिळविले. जनकाने टाकून दिलेले हे एंजिन सुधारत सुधारत २००१ पर्यंत रेंज रोव्हरमध्ये वापरले गेले. यंत्रविद्येच्या इतिहासात अशी उदाहरणे थोडी आहेत.

पहिली पिढी (१९७०–९६) : गाडी १७ जून १९७० रोजी प्रसिद्ध झाली. तिचे सर्वांत महत्त्वाचे अंग म्हणजे चाके टांगण्याची व्यवस्था. पाट्यांऐवजी येथे मळसूत्री स्प्रिंगा योजल्या होत्या. पाटे भार पेलतात, आस जागच्या जागी धरून ठेवतात आणि थरांमधील घर्षणामुळे ताठही राहतात. मळसूत्री स्प्रिंग केवळ भार पेलते. त्यामुळे आस धरून ठेवण्यासाठी वेगळे दांडे द्यावे लागतात, पण चाकाला वरखाली जाण्यास पुष्कळ वाव मिळतो. खाचखळग्यांत एक चाक उचलले गेले, तरी उरलेली तीन जमीन सोडत नाहीत. मऊ स्प्रिंगांचा दोष असा की, मागे ओझे घातले म्हणजे गाडी बसते. तो टाळण्यासाठी मागील आसावर उंची आपोआप सावरणारी एक प्रयुक्ती बसविली होती.

चारही चाकांना सतत शक्ती देण्याचा निर्णयही सोयीपेक्षा गरजेतून झाला. जुन्या लँड रोव्हरमध्ये चालक हवी तेव्हाच पुढील चाके जोडीत असे. नव्या एंजिनाचे परिबल एकट्या मागील आसावर टाकावयाचे, तर तो आस बराच जड करावा लागला असता. आस जड झाला की, मऊ स्प्रिंगांचा फायदा नाहीसा होतो. परिबल दोन आसांत वाटून दिल्यास दोन्ही हलके राहतात. मात्र वळणावर पुढील व मागील चाके सारखे अंतर कापीत नसल्याने दोहोंच्या मध्ये आणखी एक डिफरन्शियल द्यावे लागले आणि चिखलात ते जखडून टाकण्याची सोय करावी लागली. चारही चाकांना चकतीचे ब्रेक होते. एंजिनाची शक्ती सु. १३५ अश्वशक्ती आणि गाडीचे वजन सु. १,७२० किग्रॅ. होते. [⟶ मोटारगाडी].

बाह्य रूपाचा कच्चा आराखडा अभियंत्यांनीच केला होता. अभिकल्पक डेव्हिड बाश यांनी त्यात थोडेच पण मार्मिक फेरफार केले. चालकास बसल्या जागेवरून गाडीचे दोन्ही कोपरे दिसावेत अशी बॉनेटची घडण, तरंगल्यासारखे वाटणारे छप्पर आणि वरखाली दोन भागांत उघडणारे मागील दार ही लक्षणे पुढील सर्व पिढ्यांत टिकली. १९७१ मध्ये ही गाडी औद्योगिक अभिकल्पाचा नमुना म्हणून पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात मांडण्यात आली. आतील भाग मात्र साधा होता : बैठकी रेक्झिनसारख्या कापडाच्या, तळ पाण्याने धुऊन काढता येईल असा, दारे दोनच. शेतकऱ्याने दिवसभर चिखलात वापरून संध्याकाळी तीच गाडी धुऊन शहरात न्यावी अशी अपेक्षा होती. मूळ किंमत १,९९८ पौंड होती. बाहेरचे बहुतेक पत्रे ॲल्युमिनियमचे असले, तरी आतील सांगाडा पोलादाचा होता. हे दोन धातू ओलाव्यात एकमेकांस चिकटून राहिले म्हणजे विद्युत् रासायनिक क्रियेने झीज सुरू होते. ‘ॲल्युमिनियमची गाडी गंजत नाही’ ही समजूत त्यामुळे चुकीची ठरली.

१९७१-७२ मध्ये जॉन ब्लॅशफर्ड-स्नेल यांच्या नेतृत्वाखालील ब्रिटिश मोहिमेने दोन रेंज रोव्हर अलास्कापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत नेल्या. वाटेत पनामा व कोलंबिया यांमधील डेरिएनचे दलदलीचे अरण्य पार करण्यासच सु. शंभर दिवस लागले. दलदलीसाठी लावलेल्या अवाढव्य टायरांचा ताण डिफरन्शियलांना सोसला नाही व ती फुटली. अरण्य पार झाले हे जितके खरे, तितकेच मूळ रचनेबाहेरचा भार घातल्यास ती दगा देते हेही या मोहिमेने दाखविले. पॅरिस–डाकार शर्यत मात्र या गाडीने १९७९ व १९८१ अशी दोनदा जिंकली.

दरम्यान रोव्हर कंपनी ब्रिटिश लेलँड या अवजड समूहात विलीन झाली होती आणि १९७५ मध्ये तो समूह सरकारच्या ताब्यात गेला. मागणी उत्पादनापेक्षा जास्त असूनही दहा वर्षे गाडीत फारशी सुधारणा झाली नाही. मिळालेला नफा समूहातील तोट्याच्या मोटारींकडे वळत राहिला. या पोकळीत बाहेरचे कारागीर शिरले. श्रीमंत गिऱ्हाइकांसाठी ते गाडी लांबवून देत, तिला आणखी दोन दारे बसवीत, आत कातडे व लाकूड मढवीत. स्वित्झर्लंडच्या माँटेव्हर्डी कंपनीने १९८० मध्ये चार दारांची रेंज रोव्हर काढली. स्वतः उत्पादकांनी तशी गाडी १९८१ मध्ये बाजारात आणली. गिऱ्हाइकांना काय हवे आहे, हे कारखान्याला अशा रीतीने परभारे समजले. त्यानंतर बदल झपाट्याने झाले. १९८२ मध्ये स्वयंचलित गिअर, १९८६ मध्ये डीझेल एंजिन, १९८७ मध्ये अमेरिकेत प्रवेश, १९८९ मध्ये चाके न अडकू देणारे ब्रेक आणि १९९२ मध्ये हवादाबाच्या स्प्रिंगा व आसांमधील अंतर २० सेंमी.ने वाढविलेली आवृत्ती असा हा क्रम आहे. कातड्याच्या बैठकी व गालिचे आले आणि गाडी पाण्याने धुण्याचा विषय संपला. फेब्रुवारी १९९६ मध्ये उत्पादन थांबले, तोवर या पिढीच्या तीन लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या.

दुसरी पिढी (१९९४–२००१) : ही पिढी संक्रमणकाळातील आहे. वेगळी पोलादी चौकट, अखंड आस आणि जुने एंजिन (आता ४,००० व ४,६०० घ. सेंमी. धारणेचे) कायम होते, डीझेल एंजिन बीएमडब्ल्यू या जर्मन कंपनीचे होते. त्याच कंपनीने १९९४ मध्ये रोव्हर समूह विकत घेतला होता. हवादाबाच्या स्प्रिंगांमुळे गाडीची उंची चालकाला कमीजास्त करता येई. दिवे, कुलुपे, खिडक्या वगैरेंचे नियंत्रण एका मध्यवर्ती इलेक्ट्रॉनिक पेटीकडे सोपविले होते आणि हाच या पिढीचा कच्चा दुवा ठरला. गावच्या लोहारालाही दुरुस्त करता येणाऱ्या गाडीच्या वंशात ही पहिलीच अशी निपजली, की जी संगणक जोडल्याशिवाय आपले दुखणे सांगत नसे.

तिसरी पिढी (२००१–१२) : पहिल्या पिढीनंतरचा सर्वांत मूलगामी बदल येथे झाला. वेगळी चौकट नाहीशी होऊन गाडीचे अंग हेच तिचा सांगाडा बनले, आणि अखंड आसांच्या जागी प्रत्येक चाक स्वतंत्रपणे टांगण्यात आले. असे टांगलेले चाक रस्त्यावर अधिक शांत चालते. परंतु खडकाळ जमिनीवर अखंड आसाचा एक मोठा गुण त्यात नसतो. एक चाक वर गेले की अखंड आस दुसऱ्यास खाली दाबतो. ही उणीव भरून काढण्यासाठी एकाच आसाच्या दोन बाजूंच्या हवेच्या स्प्रिंगा नळीने एकमेकींस जोडल्या. एका बाजूची हवा दुसरीकडे जाऊ लागली व अखंड आसाचा परिणाम काही अंशी परत मिळाला. नैसर्गिक गुण काढून टाकून तोच कृत्रिम उपायाने परत आणावयाचा, ही या गाडीच्या पुढील विकासाची रीत झाली.

या गाडीची आखणी बीएमडब्ल्यूच्या काळात झाली; पण ती बाजारात येण्यापूर्वीच, २००० मध्ये, लँड रोव्हर फोर्ड कंपनीच्या हाती गेली. त्यामुळे काही वर्षे फोर्डच्या मालकीच्या गाडीत प्रतिस्पर्ध्याचे एंजिन धावत होते. पुढे जॅग्वारची एंजिने बसविण्यात आली. जमीन चिखलाची, वाळूची की खडकाची हे एका फिरत्या कळीने सांगितले, की एंजिन, गिअर व स्प्रिंगा आपोआप त्यास अनुरूप करणारी यंत्रणा २००६ मध्ये आली. जून २००८ मध्ये मुंबईच्या टाटा मोटर्सने जॅग्वार व लँड रोव्हर या दोन्ही कंपन्या २३० कोटी डॉलरना खरेदी केल्या. जागतिक मंदी तोंडावर असताना केलेल्या या सौद्यावर तेव्हा बरीच टीका झाली होती.

चौथी पिढी (२०१२–२१) : तोपर्यंत गाडीचे वजन अडीच टनांच्या घरात गेले होते आणि यूरोपातील कार्बन डाय-ऑक्साइडच्या उत्सर्जनाचे नियम कडक होत होते. यास उत्तर म्हणून संपूर्ण अंगच ॲल्युमिनियमचे करण्यात आले. या वर्गातील गाड्यांत ही गोष्ट प्रथमच घडत होती. जॅग्वारच्या २००३ च्या एक्सजे मोटारीत वापरलेली, पत्रे वितळजोडाऐवजी रिव्हेट व आसंजक यांनी जोडण्याची पद्धत येथे उपयोगी पडली. रिकाम्या अंगाचे वजन आधीच्या पोलादी अंगापेक्षा ३९ टक्क्यांनी घटले. संपूर्ण गाडीचे वजन ४२० किग्रॅ.पर्यंत कमी झाल्याचा उत्पादकांचा आकडा मात्र जपून घ्यावयास हवा, कारण त्यात आठऐवजी सहा सिलिंडरांच्या एंजिनाने झालेली बचतही धरलेली आहे. पाण्यातून जाण्याची मर्यादा ७० सेंमी.वरून ९० सेंमी. झाली. मागील बैठकीसाठी जागा वाढविलेली लांब आवृत्तीही निघाली. स्वतः चालविण्यापेक्षा मागे बसून जाणारा मालक आता कारखान्याने गृहीत धरला होता.

पाचवी पिढी : ऑक्टोबर २०२१ मध्ये ही प्रसिद्ध झाली. हिची लांबी ५·०५ मी., म्हणजे पहिल्या गाडीपेक्षा सु. ५८ सेंमी. अधिक आहे. एवढी गाडी अरुंद जागेत वळावी म्हणून मागील चाकेही ७ अंशांपर्यंत वळतात. लांब आवृत्तीत सात जणांची सोय प्रथमच झाली. आठ सिलिंडरांचे एंजिन पुन्हा बीएमडब्ल्यूचे आहे. बाहेरून भारित करता येणारी विद्युत् घटमाला व पेट्रोल एंजिन अशा दुहेरी शक्तीच्या आवृत्तीचे वजन २,७०० किग्रॅ.च्या आसपास जाते. चौथ्या पिढीत ॲल्युमिनियमने वाचविलेले वजन घटमालेने परत घेतले. ही गाडी विजेवर कित्येक किमी. धूर न सोडता जाते हे खरे असले, तरी एवढे वजन हलविण्यासाठी लागणारी ऊर्जा, टायरांची झीज व रस्त्यावरील भार हे प्रश्न त्यामुळे सुटत नाहीत. संपूर्णपणे विजेवर चालणाऱ्या आवृत्तीसाठी इच्छुकांची नोंदणी डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाली.

२०२४ पर्यंत ही गाडी मुख्यतः सॉलिहल येथे तयार होत असे. त्या वर्षी इंग्लंडहून आणलेल्या सुट्या भागांपासून पुणे येथे तिची जुळणी करण्याचा निर्णय जाहीर झाला. लँड रोव्हरच्या फ्रीलँडर या लहान गाडीची जुळणी तेथे २०११ पासून होऊ लागली होती. तयार गाडीवरील आयात कर टळल्याने भारतातील किंमत सु. एक पंचमांशाने उतरली, तरी ती दोन कोटी रुपयांच्या वरच राहिली.