फ्रेंच क्रियापदांतली मुकी अक्षरं

तंजावरच्या मराठी राज्याकडून कारैकल बंदर १७३९ मध्ये फ्रेंचांकडे गेलं. पुढे तंजावरच्या सरफोजी महाराजांनी (राज्यकाळ १७९८–१८३२) सरस्वती महाल ग्रंथालयात जमवलेल्या युरोपीय पुस्तकांत फ्रेंच ग्रंथही आले. तंजावरातल्या मराठी घरातल्या मुलानं आज फ्रेंच विषय घेतला, तर तो क्रियापदांपाशी अडखळतो. त्याच्या मनात काही गैरसमज घर करून बसलेले असतात.

पहिला : फ्रेंचमध्ये उच्चाराला नियमच नाही. नियम आहे, आणि कडक आहे. ‘पार्ले’ म्हणजे बोलणे. मी, तू, तो, ते यांची रूपं तीन तऱ्हांनी लिहितात; उच्चार एकच, ‘पार्ल्’. ‘ते बोलतात’ या रूपाच्या शेवटी ई, एन, टी ही अक्षरं असतात. ओळ मोडताना त्याचे दोन तुकडे पडतात, तोंडात मात्र एकच तुकडा उरतो. आपणही ‘बसतात’ चार अक्षरांत लिहून ‘बस्-तात्’ असं दोन तुकड्यांत म्हणतो. तमिळ वाचणारं मूल तर एकच अक्षर शब्दारंभी ‘क’ आणि दोन स्वरांमध्ये ‘ग’ वाचतं.

दुसरा गैरसमज जास्त घातक : शेवटचं ई-एन-टी कायम मुकं. ते मुकं असतं फक्त अनेकवचनी क्रियापदात. ‘तो येतो’ याला ‘इल व्ह्यॅं’ म्हणतात. शेवटी तीच तीन अक्षरं आहेत, पण इथे नाकातला स्वर ऐकू यायलाच हवा. ‘ते येतात’ मात्र ‘इल व्ह्येन्’. आणखी एका शब्दाच्या एकाच लिखाणाचा ‘कूव्हां’ असा उच्चार केला तर अर्थ मठ. ‘कूव्ह्’ म्हटलं की ‘अंडी उबवतात’.

ईवरच्या तिरक्या रेघा शोभेच्या नाहीत. ‘विकत घेणे’ म्हणजे ‘आश्-ते’; मधला ई जवळजवळ गळतो. ‘मी विकत घेतो’ मध्ये शेवटचा ई मुका होतो, त्यामुळे आधीच्या ईला स्पष्ट उच्चारावं लागतं : ‘आशॅत्’. रेघ तेच सांगते.

शब्द संपला की तुकडा संपतो, असंही नाही. ‘तो पोहोचतो’ याचे तुकडे ‘इ-ला-रीव्ह्’. ‘ते पोहोचतात’ याचे ‘इल्-झा-रीव्ह्’, झाडातल्या ‘झ’सारखा. क्रियापद दोन्हीकडे सारखंच ऐकू येतं, अनेकवचन कळतं ते या ‘झ’वरून. म्हणून सर्वनाम आणि क्रियापद जोडूनच पाठ करावं. ‘ते बोलतात का?’ असं विचारताना क्रियापद पुढे येतं आणि इतका वेळ मुका असलेला टी बोलू लागतो : ‘पार्ल्-तील्?’