गुन्ह्याचा धंद्याशी संबंध किती?

घरजमिनीच्या दलालांना सरकारी परवाना सक्तीचा करणारा कायदा कॅलिफोर्नियाने १९१७ साली केला. अमेरिकेतल्या अशा कायद्यांत तो पहिला मानला जातो. न्यायालयात तो टिकला नाही, म्हणून १९१९ मध्ये नव्याने करावा लागला. दुसरा कायदा मात्र टिकला. परवाना आला की तो कुणाला नाकारायचा आणि कुणाचा काढून घ्यायचा, हा प्रश्नही येतो. त्यातला सगळ्यांत अवघड भाग म्हणजे गुन्हा सिद्ध होऊन शिक्षा झालेला दलाल. शिक्षा भोगली, दंड भरला, सुटला. आता त्याने पुन्हा लोकांच्या घरांचे व्यवहार करावेत का? या प्रश्नाशी कॅलिफोर्निया शंभर वर्षांहून अधिक काळ झगडत आलं आहे.

पहिली अनेक वर्षं उत्तर सोपं होतं. माणूस सचोटीचा हवा. गंभीर गुन्ह्यात किंवा ‘नैतिक अधःपतना’च्या गुन्ह्यात दोषी ठरला की तो सचोटीचा नाही. नैतिक अधःपतन हे शब्द आपल्याला परके नाहीत. आपल्या १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम २४अ मध्ये वकिलांच्या सनदेसाठी हीच कसोटी आहे, आणि सुटकेनंतर दोन वर्षांनी ती अपात्रता संपते, असंही तिथेच म्हटलं आहे. अडचण अशी की अधःपतन म्हणजे नेमकं काय, हे कायदा सांगत नाही. ते ठरवणाऱ्याच्या संस्कारांवर, काळावर, कधी कधी आरोपीच्या राहणीवरही ठरतं.

बदलाची सुरुवात दलालांपासून झाली नाही. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एका शिक्षकाचं प्रकरण आलं. न्यायालय म्हणालं की खासगी आयुष्यातलं वर्तन अनैतिक वाटलं म्हणून शिकवण्याचा परवाना काढता येणार नाही. त्या वर्तनामुळे तो शिकवायला अपात्र ठरतो का, ते दाखवावं लागेल. सत्तरच्या दशकात हाच विचार राज्याच्या परवाना कायद्यात आला. गुन्हा त्या व्यवसायाच्या पात्रतेशी, कामाशी आणि कर्तव्यांशी भरीव संबंध असलेला हवा, अशी अट पडली. तोवर माणूस कसा आहे ते पाहिलं जाई. आता त्याने केलेल्या गोष्टीचा या कामाशी काय संबंध, ते सांगणं सरकारवर आलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची पायरी आहे.

पण अट घालणं वेगळं आणि लावणं वेगळं. १९७९ हे एकच वर्ष बघा. राज्याच्या अपील न्यायालयांत रिअल इस्टेट परवान्याची दोन प्रकरणं आली, दोन्ही अमली पदार्थांची. एकाला कोकेनच्या व्यवहारात शिक्षा झालेली. न्यायालय म्हणालं, घर विकण्याच्या कामाशी याचा भरीव संबंध दिसत नाही. दुसरा परवानाधारक दलाल, विक्रीसाठी गांजा बाळगल्याबद्दल दोषी. इथे न्यायालयाने परवाना रद्द करण्याचा निर्णय कायम ठेवला. कारण असं दिलं की धंद्याची माहिती आणि कौशल्य पुरेसं नाही, सचोटी या कामात रोज लागते, आणि कायदा मोडून पैसा करू पाहणाऱ्याने ती गमावली आहे. दुसऱ्या निकालाचा युक्तिवाद ऐकायला भारदस्त आहे, पण मला तो पटत नाही. सचोटीची व्याख्या इतकी ऐसपैस केली तर बाहेर राहील असा गुन्हाच उरत नाही, आणि ‘भरीव संबंध’ ही अट कागदावरच राहते.

मधला मार्ग नियमावलीने काढायचा प्रयत्न केला. रिअल इस्टेट आयुक्तांच्या नियमांत कुठले गुन्हे या कामाशी जोडलेले मानायचे याची यादीच आली. दुसऱ्याचा पैसा किंवा मालमत्ता लबाडीने बळकावणं, खोटी सही, खोटं निवेदन, स्वतःच्या आर्थिक फायद्यासाठी केलेलं बेकायदा कृत्य, माणसाला किंवा मालमत्तेला मोठी इजा करण्याचा हेतू किंवा धमकी. यादीत एक कलम वरवर अनपेक्षित आहे: दारू किंवा नशेच्या दोन किंवा अधिक शिक्षा, आणि त्यांतली निदान एक गाडी चालवतानाची. कॅलिफोर्नियात एजंट गिऱ्हाइकाला स्वतःच्या गाडीत बसवून दिवसभर घरं दाखवत फिरतो, हे लक्षात घेतलं की कलम सहज समजतं. काम बघून नियम केला, असं इथे म्हणता येतं.

तरी यादीने सगळं सुटलं नाही. २००५ मध्ये अल्पवयीन मुलीशी लैंगिक संबंधाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या एका विक्री प्रतिनिधीचं प्रकरण आलं. अपील न्यायालयाने भरीव संबंध सिद्ध झाला नाही म्हणून कारवाई रद्द केली. हा निकाल वाचणं जड जातं. घृणा हे परवाना काढण्याचं कारण होऊ शकत नाही, हे तत्त्व मला मान्य आहे. पण एजंटाच्या हातात काय असतं तेही पाहिलं पाहिजे. दाराच्या कडीला लावलेली किल्लीची पेटी तो कोडने उघडतो आणि मालक नसलेल्या घरात अनोळखी कुटुंबाला घेऊन जातो. अशा कामात माणसांच्या सुरक्षिततेचा प्रश्न पैशाच्या प्रश्नाइतकाच खरा आहे, आणि तो प्रत्येक वेळी पुराव्याने मांडायची जबाबदारी राज्याच्या रिअल इस्टेट विभागाची आहे. मांडला नाही तर हरणार. हे योग्यच आहे.

सुनावणी प्रत्यक्षात कशी चालते? विभाग परवानाधारकावर आरोपपत्र बजावतो. १५ दिवसांत त्याने आपल्याला बाजू मांडायची आहे असं कळवायचं; नाही तर एकतर्फी निर्णय. मग प्रशासकीय न्यायाधीशापुढे सुनावणी. इथे तो ‘मी गुन्हा केलाच नाही’ असं म्हणू शकत नाही, कारण न्यायालयाचा निकाल हाच पुरावा. अमेरिकेतल्या पद्धतीने नंतर शिक्षा नोंदीतून काढून टाकून मिळाली असली तरी परवान्यापुरती ती उरतेच. त्याला मांडता येतं ते नंतरचं आयुष्य. किती वर्षं झाली, नुकसानभरपाई भरली का, प्रोबेशन संपलं का, नशा सुटली का, घर नीट चाललं आहे का, धंद्याच्या पद्धती बदलल्या का, वृत्ती बदलली का. त्यामुळे या खोलीत पावत्या, मालकाची पत्रं आणि बायकोची किंवा नवऱ्याची साक्ष यांना मोल येतं. न्यायाधीश निर्णय सुचवतो. तो स्वीकारायचा की फेटाळायचा हे आयुक्त ठरवतो, आणि त्याविरुद्ध न्यायालयात जाता येतं.

रद्द आणि माफ यांच्यामध्ये इथे तिसरी वाट आहे, ती मला फार शहाणी वाटते: मर्यादित परवाना. अशा परवान्यावर काम करणाऱ्याला ठेवून घेणाऱ्या ब्रोकरला लेखी द्यावं लागतं की शिस्तभंगाचा निर्णय मी वाचला आहे आणि या माणसावर जवळून देखरेख ठेवीन. म्हणजे चूक लपत नाही आणि पोटावर पायही येत नाही. परवाना पूर्ण रद्द झाला तरी एक वर्षानंतर तो परत मागता येतो.

२००८ च्या घरबाजारातल्या घसरणीनंतर सूर बदलला. घरं जप्त होत असताना कर्जाचे हप्ते कमी करून देतो म्हणून आगाऊ पैसे घेणारे निघाले, आणि त्यांत परवानाधारकही होते. ऑक्टोबर २००९ मध्ये राज्याने असे आगाऊ पैसे घेण्यावर बंदी घातली. २०१२ पासून परवानाधारकाने गंभीर गुन्ह्याचं आरोपपत्र किंवा शिक्षा ३० दिवसांत स्वतः कळवायची, असा नियम आला. बोटांचे ठसे आधीच राज्याच्या न्याय खात्याकडे असल्यामुळे पुढची अटकही विभागाला कळते.

मग लंबक पुन्हा हलला. २०१८ मध्ये डेव्हिड चिऊ आणि इव्हान लो यांनी विधानसभेत मांडलेला कायदा संमत झाला आणि १ जुलै २०२० पासून लागू झाला. नव्या अर्जदाराला साधारण सात वर्षांपलीकडच्या शिक्षेवरून परवाना नाकारता येत नाही. गंभीर गुन्ह्यांना सात वर्षांची मर्यादा नाही, आणि रिअल इस्टेटसारख्या दुसऱ्याचा पैसा सांभाळणाऱ्या काही व्यवसायांत विश्वासाच्या जबाबदारीला थेट बाधणाऱ्या आर्थिक गुन्ह्यांनाही नाही. हा अपवाद मला पूर्ण पटतो. गिऱ्हाइकाने दिलेली रक्कम एजंटाच्या हातातून ब्रोकरच्या विश्वस्त खात्यात तीन कामकाजाच्या दिवसांत जायला हवी, एवढ्या काटेकोर धंद्यात अपहार करणाऱ्याला काळ लोटला म्हणून आत घेता येणार नाही. तारुण्यात गांजासह सापडलेल्याची गोष्ट वेगळी.

आपल्याकडे घरजमिनीच्या व्यवहारांचं नियमन करणारा रेरा कायदा २०१६ चा आहे आणि एजंटांची नोंदणी २०१७ पासून सक्तीची. महारेराची, म्हणजे या कायद्याखालच्या महाराष्ट्राच्या प्राधिकरणाची, नोंदणी पाच वर्षांची असते, आणि जानेवारी २०२३ च्या आदेशाने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही लागू झाली. हे चांगलं पाऊल आहे. पण नोंदणी रद्द करण्याचं कलम, म्हणजे कलम ९ चं पोटकलम ७, दोनच कारणं सांगतं: अटींचा भंग, आणि खोटी माहिती देऊन किंवा फसवून मिळवलेली नोंदणी. न्यायालयाने फसवणुकीत दोषी ठरवलेल्या एजंटाचं काय, हे तिथे लिहिलेलं नाही. एकच फ्लॅट तीन जणांना विकून प्रत्येकाची इसारपावती करणारा माणूस फौजदारी न्यायालयात दोषी ठरला, तरी त्याची बातमी प्राधिकरणाकडे आपोआप नेणारी तरतूद या कलमात नाही. ती करताना दोन कामं एकदमच करावी लागतील: कुठले गुन्हे या धंद्याशी जोडलेले मानायचे याची छापील यादी, आणि त्यातून सुटून आलेल्याने काय दाखवलं की त्याला पुन्हा नोंदवायचं याची दुसरी. आयुष्य घालवून साठवलेले पैसे घेऊन एजंटाकडे जाणाऱ्या कुटुंबाला पहिली यादी हवी आहे, आणि शिक्षा भोगून परत कामाला लागू पाहणाऱ्याला दुसरी.