यजमान शहरे (लेखांक ४) : दिल्ली, १९५१

पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा ४ ते ११ मार्च १९५१ या काळात नवी दिल्लीत झाल्या. ११ देशांच्या ४८९ खेळाडूंनी त्यांत भाग घेतला आणि ५७ प्रकारांत पदकांसाठी चुरस झाली. आजच्या मानाने हा पसारा लहानच. पण आशियाचे पूर्व आणि पश्चिम टोक एका मैदानावर आणणारी स्पर्धा त्याआधी झालेली नव्हती. शिवाय ती भरवणाऱ्या देशाला स्वतंत्र होऊन चार वर्षेही पुरी झाली नव्हती.

आशियात विभागीय स्पर्धा मात्र आधीपासून होत्या. फिलिपिन्स, चीन आणि जपान यांच्या पुढाकाराने १९१३ साली मनिलात अतिपूर्वेच्या स्पर्धा सुरू झाल्या. त्या १९३४ पर्यंत चालल्या. मांचुकुओच्या सहभागावरून पडलेली फूट आणि पुढे पेटलेले चीन-जपान युद्ध यांत त्या संपल्या. १९३४ मध्येच दिल्लीत आणि पतियाळात पश्चिम आशियाई स्पर्धा झाल्या. भारत, अफगाणिस्तान, सिलोन व पॅलेस्टाइन हे चारच देश तेथे होते आणि ती स्पर्धा पुन्हा भरली नाही. तिच्यामागे असलेले गुरुदत्त सोंधी हे लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात प्राध्यापक होते. पुढे ते तेथे प्राचार्यही झाले.

सोंधींची कल्पना महायुद्धानंतर पुन्हा वर आली. मार्च १९४७ मध्ये दिल्लीच्या पुराना किल्ल्यात आशियाई संबंध परिषद भरली आणि आशियाई देशांनी एकत्र येण्याच्या विचाराला राजकीय बळ मिळाले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी सोंधींनी तेथे आलेल्या आशियाई प्रतिनिधींपुढे खंडव्यापी स्पर्धेचा प्रस्ताव मांडला. फेब्रुवारी १९४९ मध्ये दिल्लीच्या पतियाळा हाउसमध्ये नऊ देशांचे प्रतिनिधी जमले आणि आशियाई क्रीडा महासंघ स्थापन झाला. पतियाळाचे महाराज यादवेंद्रसिंह त्याचे पहिले अध्यक्ष झाले. पहिल्या स्पर्धेचे यजमानपद दिल्लीकडे आले. स्पर्धा १९५० सालीच व्हायची होती, पण तयारी पुरी न झाल्याने ती पुढे ढकलावी लागली. आयोजनाची धुरा अखेर अँथनी डिमेलो यांनी सांभाळली. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता.

त्या वेळची दिल्ली फाळणीच्या ओझ्याखाली वाकलेली होती. १९४१ च्या जनगणनेत दिल्ली प्रांताची लोकसंख्या सुमारे ९ लाख १८ हजार होती, ती १९५१ मध्ये १७ लाख ४४ हजारांवर गेली. या वाढीत पश्चिम पंजाब आणि सिंधमधून आलेल्या निर्वासितांचा मोठा भाग होता. जेथे आशियाई संबंध परिषद भरली, त्याच पुराना किल्ल्यात काही महिन्यांनी निर्वासितांची छावणी पडली. घरे, पाणी आणि धान्य यांचीच टंचाई असताना खेळांसाठी नवे बांधकाम काढणे परवडणारे नव्हते. म्हणून जे हाताशी होते त्यावरच भिस्त ठेवण्यात आली.

हाताशी होते ते पुराना किल्ल्याजवळचे आयर्विन अ‍ॅम्फिथिएटर. ते १९३३ साली भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभे राहिले होते. आराखडा होता कॅनॉट प्लेसचे वास्तुकार रॉबर्ट टॉर रसेल यांचा. स्पर्धांच्या निमित्ताने या वास्तूचे नाव नॅशनल स्टेडियम झाले. रस्त्यावरच्या शर्यती सोडल्या तर जवळजवळ सारे सामने याच आवारात झाले.

राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी स्पर्धांचे उद्घाटन केले. लाल किल्ल्यावर सूर्यकिरणांनी चेतवलेली ज्योत धावपटूंनी स्टेडियमवर आणली. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये खेळलेले दलीपसिंह यांच्याकडे अखेरच्या टप्प्याचा मान होता. पाकिस्तान महासंघाच्या स्थापनेत होता, पण स्पर्धेला आला नाही. चीनचा संघही नव्हता. जपान मात्र आला. लंडन ऑलिंपिकला त्याला बोलावलेले नव्हते आणि तो देश अजून दोस्तराष्ट्रांच्या ताब्यात होता. युद्धानंतर अनेक खेळांच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्याला पहिला प्रवेश मिळाला तो दिल्लीत.

खेळांची यादी आखूड होती : अ‍ॅथलेटिक्स, जलक्रीडा, सायकलिंग, भारोत्तोलन, फुटबॉल आणि बास्केटबॉल. भारताचे नाव ज्या हॉकीने जगभर केले ती यादीत नव्हती. आशियाई स्पर्धांत तिचा समावेश १९५८ साली टोकियोत झाला. कुस्तीही १९५४ मध्ये मनिलात आली. त्यामुळे लंडनमध्ये सहावा क्रमांक मिळवलेल्या आणि १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकलेल्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना आपल्याच देशातल्या या स्पर्धेत उतरता आले नाही. स्त्रियांसाठी फक्त अ‍ॅथलेटिक्सच्या स्पर्धा होत्या.

जपानने २४ सुवर्णपदकांसह पहिला क्रमांक मिळवला. भारत १५ सुवर्ण, १६ रौप्य आणि २० कांस्य अशा ५१ पदकांसह दुसरा आला. उरलेली सुवर्णपदके इराण, सिंगापूर आणि फिलिपिन्स यांनी वाटून घेतली. भारताचे पहिले सुवर्ण सचिन नाग यांनी १०० मीटर पोहण्यात जिंकले. फुटबॉलच्या अंतिम सामन्यात मेवालाल यांच्या एकमेव गोलवर भारताने इराणला हरवले. तेव्हा सुरतेपासून धारवाडपर्यंत पसरलेल्या मुंबई राज्याच्या वाट्यालाही मोठे यश आले. मुंबईच्या लेव्ही पिंटो यांनी १०० आणि २०० मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या. मुंबईच्याच रोशन मिस्त्री १०० मीटरमध्ये दुसऱ्या आल्या, तर मूळ गोव्याच्या कुटुंबातल्या मेरी डिसूझा २०० मीटरमध्ये तिसऱ्या. या दोघींचा समावेश असलेल्या रिले संघाने रौप्यपदक मिळवले. पुढच्याच वर्षी हेलसिंकीत ऑलिंपिकच्या धावपट्टीवर उतरलेल्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये मेरी डिसूझा होत्या.

दिल्लीकडे यजमानपद पुन्हा आले ते १९८२ साली. त्या वेळी जवाहरलाल नेहरू स्टेडियम, खेळाडूंसाठी वसवलेले आशियाड व्हिलेज आणि उड्डाणपूल यांनी शहराचा नकाशा बदलला. रंगीत दूरदर्शनही त्याच वर्षी आले. १९५१ च्या स्पर्धांनी दिल्लीत अशा फारशा खुणा ठेवल्या नाहीत. त्यांनी घालून दिला तो क्रम : १९५४ मध्ये मनिला, १९५८ मध्ये टोकियो, १९६२ मध्ये जकार्ता. अतिपूर्वेच्या आणि पश्चिम आशियाच्या स्पर्धा राजकारणात विरून गेल्या होत्या. दिल्लीत सुरू झालेली स्पर्धा बहिष्कार, वाद आणि युद्धे पचवून टिकली, कारण तिच्यामागे एका शहराऐवजी देशांचा महासंघ उभा होता.

(पुढील लेखांक : मनिला, १९५४)