वजनकाटा आणि मापनफीत : किटोजेनिक आहारातील एक कोडे

शरीराचा स्थूलपणा कमी करण्यासाठी निरनिराळे आहारक्रम सध्या प्रचारात आहेत. त्यांपैकी किटोजेनिक आहाराची चर्चा शहरांत आणि आता तालुक्याच्या गावांतही ऐकू येते. हा आहार सुरू करणाऱ्या अनेकांना काही आठवड्यांनी एक विचित्र अनुभव येतो. कपडे सैल होतात, पट्टा एक-दोन छिद्रे आत घ्यावा लागतो, शेजारीपाजारी ‘बारीक झालात’ असे म्हणतात. परंतु वजनकाटा मात्र जागचा हलत नाही. अशा वेळी कोणी निराश होऊन आहारच सोडून देतो, तर कोणी काटा हलावा म्हणून उरलासुरला घासही कमी करून उपाशी राहतो. दुसरा मार्ग पहिल्यापेक्षा अधिक घातक आहे. म्हणूनच वजन आणि घेर यांचा परस्परसंबंध समजून घेणे अगत्याचे ठरते.

तारनाका येथील संस्था

आपल्या देशात आहार व शरीर यांच्या शास्त्रीय मोजमापाचा विषय निघाला की हैदराबादच्या तारनाका भागातील राष्ट्रीय पोषण संस्थेचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. सर रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी १९१८ साली कुन्नूर येथे बेरीबेरी रोगाच्या चौकशीसाठी जे छोटे केंद्र सुरू केले, त्यातूनच ही संस्था वाढली. १९५८ साली ती कुन्नूरहून हैदराबादेस आली. स्थलांतराच्या त्या काळात तिची धुरा डॉ. वि. ना. पटवर्धन या मराठी शास्त्रज्ञाकडे होती, ही आपल्या वाचकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. १९६९ साली संस्थेस आजचे नाव मिळाले.

या संस्थेच्या इतिहासात मापनफितीला मोठे स्थान आहे. १९७२ साली तेथे राष्ट्रीय पोषण संनियंत्रण विभाग स्थापन झाला. तो २०१५ पर्यंत कार्यरत होता. या विभागाच्या पथकांनी महाराष्ट्रासह अनेक राज्यांतील खेड्यांत जाऊन उंची व वजनाबरोबर दंडाचा घेर आणि त्वचेखालील मेदाची जाडी यांची नोंद घेतली. त्या काळी प्रश्न होता तो अन्नाच्या तुटवड्याचा. आजही अंगणवाडीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला, तर ते तीव्र कुपोषणाचे लक्षण मानले जाते. वजन एक गोष्ट सांगते आणि घेर दुसरी, हे तत्त्व पोषणशास्त्राने प्रथम उपासमारीच्या अभ्यासात वापरले. तेच आता स्थूलतेच्या अभ्यासात उपयोगी पडत आहे.

किटोजेनिक आहार म्हणजे काय?

हा आहार मुळात स्थूलतेसाठी निघालेला नाही. १९२१ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी अपस्माराच्या रुग्णांसाठी तो सुचविला, आणि औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारात वैद्यकीय देखरेखीखाली तो आजही दिला जातो. यात पिष्टमय पदार्थ दिवसाला साधारण २० ते ५० ग्रॅम इतके मर्यादित ठेवतात आणि बहुतांश उष्मांक स्निग्ध पदार्थांतून घेतात. पिष्टाचा पुरवठा तुटला की यकृत मेदापासून किटोन द्रव्ये तयार करते आणि मेंदूसह इतर अवयव ती इंधन म्हणून वापरू लागतात.

आपल्या जेवणाच्या दृष्टीने ही मर्यादा किती कडक आहे, हे एका हिशेबावरून कळेल. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटक तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदके असतात. ५० ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे ३४ ग्रॅम. म्हणजे दीड भाकरीतच दिवसाचा वाटा संपला. वरण, भात, उसळ, फळे यांना मग जागाच उरत नाही.

पहिल्या आठवड्यातील फसवी घट

शरीर पिष्टाचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात करते. यकृतात सुमारे १०० ग्रॅम व स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम ग्लायकोजेन असते, आणि प्रत्येक ग्रॅमासोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. पिष्टमय पदार्थ बंद होताच हा साठा बऱ्याच अंशी वापरला जातो व त्याबरोबरचे पाणी बाहेर पडते. शिवाय रक्तातील इन्शुलिन कमी झाल्यामुळे मूत्रपिंडे अधिक मीठ व पाणी टाकून देतात. परिणामी पहिल्या आठवड्यात काटा दीड-दोन किलोग्रॅमने सहज खाली येतो. ही घट मुख्यतः पाण्याची असते, मेदाची नव्हे.

या संदर्भात डॉ. केव्हिन हॉल यांच्या गटाने अमेरिकेत केलेला व २०२१ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग बोलका आहे. वीस प्रौढांना रुग्णालयातच ठेवून दोन आठवडे किटोजेनिक व दोन आठवडे कमी स्निग्धांशाचा शाकाहारप्रधान आहार देण्यात आला. वजन दोन्ही आहारांत घटले. परंतु शरीरातील मेदाची लक्षणीय घट मात्र दुसऱ्या आहारातच दिसून आली. सारांश, काटा खाली येणे म्हणजे मेद घटणे असे नव्हे. याचीच दुसरी बाजू अशी की, काटा थांबणे म्हणजे मेद घटणे थांबले असेही नव्हे.

काटा का थांबतो?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका गृहिणीने हा आहार सुरू केला आणि दोन आठवड्यांनी तिचे वजन ७२ किलोग्रॅम व कंबर ९६ सेंटिमीटर होती. ती रोज चालू लागली व थोडा वजन उचलण्याचा व्यायामही करू लागली. आणखी सहा आठवड्यांनी कंबर ९२ सेंटिमीटर झाली, म्हणजे दीड इंचाहून अधिक कमी. पण वजन मात्र ७१.५ किलोग्रॅम. हिशेब असा असू शकतो : मेद अडीच किलोग्रॅमने घटला, स्नायू अर्ध्या किलोग्रॅमने वाढले आणि पाणी दीड किलोग्रॅमने वाढले. बेरीज-वजाबाकी करता फरक उरतो अर्ध्या किलोग्रॅमचा.

हे पाणी येते कोठून? नव्याने व्यायाम करणाऱ्या स्नायूंत काही काळ पाणी धरून ठेवले जाते. मासिक पाळीच्या आधीच्या दिवसांत अनेक स्त्रियांचे वजन एक-दोन किलोग्रॅमने वाढते. लोणचे-पापडातील मीठ पाणी अडवून धरते. लग्नसमारंभात एकदा पुरणपोळीचे जेवण झाले की रिकामा झालेला ग्लायकोजेनचा साठा पाण्यासह भरून निघतो. बद्धकोष्ठ असल्यास तेही काट्यावर दिसते. यांतील एकही गोष्ट मेदाची वाढ नव्हे.

येथे एका लोकप्रिय समजुतीचा परामर्श घेणे इष्ट ठरेल. ‘स्नायू मेदापेक्षा जड असतात, म्हणून इंच घटतात व वजन तसेच राहते’ असे सर्रास सांगितले जाते. एक किलोग्रॅम मेद सुमारे १.१ लिटर जागा व्यापतो, तर एक किलोग्रॅम स्नायू सुमारे ०.९४ लिटर. फरक आहे, पण तो पाऊण पेल्याइतकाच. तेवढ्याने कंबर दीड इंच घटत नाही. खरे कारण जागेचे आहे. मेद पोटावर घटतो. स्नायू व पाणी मात्र मांड्या, दंड, पाठ अशा सर्व अंगांवर विखुरलेले असतात. शिवाय डाळी, कांदा, गहू कमी झाल्याने पोटातील वायू व फुगवटाही कमी होतो. म्हणून वरील चार सेंटिमीटरांतील काही भाग मेदाचा नसेलही. थोडक्यात, काट्याप्रमाणे फीतही थोडी फसवू शकते. दोघांची साक्ष एकत्र घेतली, तरच निर्णय खरा होतो.

कंबरेचा घेर महत्त्वाचा का?

या प्रश्नावर महाराष्ट्रातील संशोधनाने जगाचे लक्ष वेधले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच छायाचित्रे व मोजमापे प्रसिद्ध केली. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन तंतोतंत सारखे होते. दोघांचाही देहभार निर्देशांक २२.३. परंतु शरीरातील मेद मात्र डॉ. यडकिन यांचा ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांचा २१.२ टक्के भरला. दिसायला सडपातळ, पण आत मेद अधिक, अशी अनेक भारतीयांची देहयष्टी असते. याच गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांतही हे वैशिष्ट्य नोंदविले आहे.

पोटातील अवयवांभोवती साठणारा मेद मधुमेह व हृदयविकार यांना विशेष निमंत्रण देतो. म्हणून आपल्याकडे पुरुषांसाठी ९० व स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही कंबरेच्या घेराची मर्यादा मानली जाते. वजन न घटताही कंबर खरोखरच घटत असेल, तर ती आरोग्याच्या दृष्टीने कमाई होय. तिला अपयश समजू नये.

मोजमापाची योग्य पद्धत

कंबर मोजताना पायांत थोडे अंतर ठेवून ताठ उभे राहावे. सर्वांत खालची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मधोमध, उघड्या त्वचेवर, फीत जमिनीला समांतर धरावी. पोट आत ओढू नये. सहज श्वास सोडल्यानंतर माप वाचावे. फीत घट्ट आवळू नये. सकाळी शौचानंतर व काही खाण्यापूर्वी, आठवड्यातून एकदाच, वजन व घेर दोन्ही वहीत लिहावेत. रोज काट्यावर उभे राहण्याने मनःस्ताप वाढतो. तुलना नेहमी चार आठवड्यांच्या अंतराने करावी. स्त्रियांनी ती पाळीच्या त्याच टप्प्यातील नोंदींत करावी. सलग आठ आठवडे वजन व घेर दोन्ही जागचे हलले नाहीत, तर मात्र आहारातील एकूण उष्मांकांचा फेरविचार करावा. तूप, लोणी व सुकामेवा ‘चालतो’ म्हणून किती खाल्ला, हे अशा वेळी प्रामाणिकपणे पाहावे.

सावधगिरी

इन्शुलिन किंवा रक्तशर्करा उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेही व्यक्तींनी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून पिष्टमय पदार्थ बंद करू नयेत. साखर एकाएकी धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, तर काही औषधांबरोबर रक्तात आम्लता निर्माण होऊन जिवावर बेतू शकते. गर्भवती व स्तनदा माता आणि मूत्रपिंड, यकृत अथवा स्वादुपिंडाचे विकार असलेल्यांनी हा आहार टाळावा. काहींच्या रक्तातील घातक कोलेस्टेरॉल यामुळे बरेच वाढते. त्याची तपासणी करून घ्यावी. वजन लवकर उतरावे म्हणून जेवण तोडणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की, उपासमारीत मेदाबरोबर स्नायूही झिजतात. काटा खाली येतो, पण बळ जाते.

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी सतरा आहारविषयक मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. आठवड्याला अर्धा किलोग्रॅम घट सुरक्षित समजावी आणि वजन घटविण्याचा आहारही १००० उष्मांकांहून कमी नसावा, असे त्यांत म्हटले आहे. २००० उष्मांकांच्या दैनंदिन आहारात २५० ग्रॅम धान्ये, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये व ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात, असेही त्यांत सुचविले आहे. आपल्या ताटात सामान्यतः धान्य याहून पुष्कळ जास्त आणि डाळ व भाजी कमी असते. भाकरी संपूर्ण वर्ज्य न करता तिचा वाटा कमी करून डाळ-भाजीचा वाढविला, तर तो क्रम जन्मभर निभावता येतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ प्रौढांवर वर्षभर केलेल्या व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कमी पिष्टाचा आहार व कमी स्निग्धांशाचा आहार यांनी घटलेल्या वजनात उल्लेखनीय फरक आढळला नाही. तेव्हा कोणता आहार श्रेष्ठ यापेक्षा कोणता आपणास दीर्घकाळ पाळता येईल, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

वजनकाटा हाडे, स्नायू, मेद, पाणी व पोटातील अन्न या सर्वांची एकत्रित बेरीज सांगतो. त्या बेरजेत काय वाढले व काय घटले, हे सांगणे त्याच्या शक्तीबाहेरचे आहे. म्हणून घरात वजनकाटा असो वा नसो, शिवणाच्या डब्यातील फीत मात्र आठवड्यातून एकदा अवश्य हाती घ्यावी. नोंदवही घेऊन जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेल्यास वैद्यकीय अधिकाऱ्यांनाही योग्य सल्ला देणे सोयीचे होईल.